‘कॅप्टन अमेरिका’चे पहिले ९९ अंक कुठे गेले?

आधी प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मामा शिकागोहून कायमचे पुण्याला परतले आणि जुन्या कॉमिक्सचं एक खोकं त्यांनी तुमच्या स्वाधीन केलं. त्यात ‘कॅप्टन अमेरिका’चा १०० नंबरचा अंक आहे, एप्रिल १९६८ चा. ३०० च्या घरातले काही अंक आहेत. १ नंबरचे तीन निरनिराळे अंक आहेत, १९९६, १९९८ आणि २००५ सालचे. शिवाय २००७ मधला २५ आणि २००९ मधला ६००. तुम्ही विचारता, १ ते ९९ कुठे मिळतील? ‘पहिला’ अंक तीनदा कसा निघाला? २००५ ला १ आणि २००९ ला ६००, हे कुठलं गणित? आणि सगळं क्रमाने वाचायचं तर कोणती पुस्तकं घ्यावीत? १०० नंबरच्या कव्हरवर पेन्सिलीने काहीतरी खरडलंय, ते खोडावं का, हेही आहेच.

मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत जुन्या कॉमिक्सच्या एका दुकानात अंकांची नोंद, प्रतवारी आणि किंमत ठरवण्याचं काम करतो. वाढलो गिरगावात, मराठी इंद्रजालमधल्या वेताळावर. त्यामुळे तुमचा गोंधळ मला चांगलाच कळतो. आपल्याला नंबर म्हणजे गोष्टीचा क्रम वाटतो. अमेरिकन कॉमिक्समध्ये तो बहुतेक वेळा टपालखातं, वितरक आणि दुकानदार यांच्यातल्या व्यवहाराची नोंद असतो.

१ ते ९९ शोधू नका. ‘कॅप्टन अमेरिका’ या नावाने या मालिकेचे ते अंक कधी छापलेच गेले नाहीत.

आता १०० नंबरचा अंक उघडा. कव्हर विसरा. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात एक परिच्छेद असेल. भिंग लागेल. धंद्यात त्याला इंडिशिया म्हणतात. मासिकाचं कायदेशीर नाव, खंड, अंक, महिना, कचेरीचा पत्ता, किंमत असं सगळं त्यात असतं. कव्हर हे गिऱ्हाइकासाठी, इंडिशिया हा टपालखात्यासाठी. आमच्याकडे नोंद करताना कव्हरवरचं नाव कुणी विचारात घेत नाही. १९७१ पासून काही वर्षं याच मालिकेच्या कव्हरवर ‘कॅप्टन अमेरिका अँड द फाल्कन’ असं ठसठशीत लिहिलेलं असायचं, पण नोंदीत मालिका ‘कॅप्टन अमेरिका’च. नवीन लागलेली मुलं हमखास तिथे फसतात आणि एकाच मालिकेचे दोन खोक्यांत दोन ढीग करून ठेवतात. मीही केले होते.

या आधीच्या महिन्यापर्यंत, म्हणजे मार्च १९६८ च्या ९९ व्या अंकापर्यंत, मासिकाचं नाव होतं ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’. ते सुरू झालं जानेवारी १९५९ ला, राक्षस आणि परग्रहवासीयांच्या सुट्या गोष्टींचं म्हणून. मार्च १९६३ च्या ३९ व्या अंकात आयर्न मॅन पहिल्यांदा आला. कॅप्टन अमेरिकाची स्वतःची गोष्ट सुरू झाली नोव्हेंबर १९६४ च्या ५९ व्या अंकात. तिथून पुढे दोघे एकाच मासिकात, अर्धं अर्धं घर वाटून घेतल्यासारखे. ९९ नंतर नाव बदललं आणि आकडा तसाच पुढे चालू राहिला. म्हणजे तुमच्या ‘गहाळ’ ९९ अंकांपैकी पहिल्या ५८ मध्ये कॅप्टन अमेरिकाचं सदरच नव्हतं.

गंमत म्हणजे त्या मासिकावर खरा हक्क सांगायचा तर आयर्न मॅनचा. तो वीस अंक आधीचा भाडेकरू. पण आकडा मिळाला कॅप्टनला, आणि आयर्न मॅनला आधी ‘सब-मरिनर’ या दुसऱ्या नायकाबरोबर एका अंकाचा तात्पुरता निवारा आणि मग मे १९६८ ला स्वतःचा नवाकोरा १ नंबर. त्या वेळी ही गैरसोय वाटली असेल. आज आयर्न मॅनच्या १ नंबरला गिऱ्हाईक लगेच हात घालतं, आणि कॅप्टनच्या १०० नंबरला मला दरवेळी हीच सगळी कथा सांगावी लागते.

दोघांना एका घरात का राहावं लागलं, हे समजून घेतलं की निम्मं कोडं सुटतं. या मासिकांची प्रकाशक कंपनी मार्व्हल, तिचे मालक मार्टिन गुडमन यांनी १९५६ मध्ये आपली स्वतःची वितरण कंपनी बंद करून अमेरिकन न्यूज या बड्या वितरकाचा हात धरला. पुढच्याच वर्षी त्या वितरकाने तो धंदाच आवरला. गुडमन यांच्यापुढे पर्याय उरला तो इंडिपेंडंट न्यूज, आणि ती कंपनी सुपरमॅन छापणाऱ्यांच्याच मालकीची! म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत आपला माल. अट अशी पडली की महिन्याला फक्त आठ मासिकं. गुडमन यांनी बरीच मासिकं द्वैमासिक करून ती कशीबशी बसवली. पुढे साठच्या दशकात नवे नायक लोकांना आवडायला लागले, पण गाडीत जागा नव्हती. म्हणून दोन नायक एका मासिकात. १९६८ च्या सुमारास अट सैल झाली तेव्हा जोडप्यांचे एकदम घटस्फोट झाले. ‘टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश’चा १०२ पासून ‘हल्क’ झाला, ‘स्ट्रेंज टेल्स’चा १६९ पासून ‘डॉक्टर स्ट्रेंज’. मामांच्या खोक्यात यांपैकी काही सापडलं तर त्यांचेही पहिले शंभर-दीडशे अंक शोधत फिरू नका.

पण मग नव्या नावाला नवा १ नंबर का नाही? कारण त्या काळी १ नंबर ही कौतुकाची गोष्ट नव्हती. रस्त्यावरच्या पेपर स्टॉलवाल्याला नवं मासिक म्हणजे जोखीम. ‘१००’ पाहिलं की त्याला वाटायचं, चालणारं दिसतंय. आणि दुसरं कारण टपालाचं. वर्गणीदारांना स्वस्त दराने, म्हणजे सेकंड क्लासने अंक पाठवायचे तर प्रत्येक मासिकाचा परवाना काढावा लागे, त्यासाठी अर्ज आणि पैसे. चालू मासिकाचं नाव बदलून आकडा पुढे नेला तर जुन्या परवान्यावर भागवता येई. या युक्तीची कमाल केली ती भयकथांसाठी गाजलेल्या ईसी कंपनीने. त्यांचं ‘मून गर्ल’ नावाचं सुपरहिरोईनचं मासिक होतं. ते चालेना म्हणून ‘मून गर्ल फाइट्स क्राइम’ झालं. मग ‘अ मून, अ गर्ल... रोमान्स’ असं प्रेमकथांचं. आणि १९५० मध्ये १३ व्या अंकापासून चक्क ‘वीअर्ड फँटसी’, विज्ञानकथा! तेच त्यांच्या ‘हाँट ऑफ फिअर’चं. सुरुवात १५ नंबरपासून, मग १६, १७, आणि त्यानंतर एकदम ४. टपालखात्याने कान पकडला तेव्हा खरा हिशेब लावावा लागला. आजही कुणीतरी १९५० सालचा १५ आणि त्यानंतरचा कुठला तरी अंक घेऊन येतो आणि मधले कुठे गेले म्हणून विचारतो.

टपालखात्याचा हात फक्त नंबरवर नव्हता, गोष्टींवरही होता. सेकंड क्लासचा दर मिळवायचा तर अंकात निदान दोन पानं नुसता मजकूर हवा, चित्रं नकोत. म्हणून जुन्या प्रत्येक कॉमिकमध्ये दोन पानांची एक कंटाळवाणी गद्य गोष्ट असते, जी कुणीच वाचत नसे. १९४१ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या ३ ऱ्या अंकातलं असंच भरताड लिहायचं काम कचेरीतल्या एका अठरा वर्षांच्या हरकाम्या पोराला मिळालं. त्याने खाली खरं नाव न घालता ‘स्टॅन ली’ असं टोपणनाव घातलं. मार्व्हलचा पुढे गाजलेला लेखक तो हाच. छापील जगातला त्याचा हा पहिला मजकूर. कॅप्टनने ढाल फेकून मारण्याची कल्पना पहिल्यांदा त्याच दोन पानांत आली असंही म्हणतात. भरताड म्हणावं तर हे असं!

आता तुम्ही म्हणाल, १९४१? हो. त्याआधी एक खराखुरा १ नंबर आहे. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’ क्रमांक १, कव्हरवर मार्च १९४१, प्रत्यक्षात स्टॉलवर आला डिसेंबर १९४० मध्ये. किंमत दहा सेंट. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचं काम. कव्हरवर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय, आणि अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा अजून वर्ष बाकी. पैशांवरून वाजल्यावर सायमन-कर्बी दहा अंकांनंतर सोडून गेले, तरी मासिक चालू राहिलं. युद्ध संपल्यावर नायकांचा बाजार बसला. १९४९ मध्ये ७४ व्या अंकाला नाव झालं ‘कॅप्टन अमेरिकाज वीअर्ड टेल्स’, भयकथांचं. ७५ व्या अंकात तर कॅप्टन अमेरिका नावालाच, आत नाहीच. मासिक बंद. मग १९५४ मध्ये ७६, ७७, ७८ असे तीन अंक निघाले, या वेळी शत्रू कम्युनिस्ट. तेही चालले नाहीत.

१९६४ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या ४ थ्या अंकात कॅप्टन परत आला तेव्हा सांगितलं गेलं, तो १९४५ पासून बर्फात गोठलेला होता. मग १९५४ ला कम्युनिस्टांना बदडणारा कोण? आठ वर्षं या भानगडीकडे कुणी बघितलं नाही. १९७२ मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्ट आणि चित्रकार सॅल बुसेमा यांनी १५३ ते १५६ या अंकांत उत्तर काढलं. तो तोतया होता, कॅप्टनच्या भक्तीत वेडा झालेला, आणि आता खऱ्या कॅप्टनला त्याच्याशी लढायचंय. प्रकाशनातली विसंगती घेऊन त्यातूनच कथा काढायची, हा प्रकार मला या सगळ्या उद्योगात सर्वांत आवडतो. माझ्या मते पूर्ण मालिकेत पैसे खर्चून जुने सुटे अंक घ्यावेत असे हे चार आहेत.

३०० च्या घरातल्या अंकांबद्दल तुम्ही एक बारीक गोष्ट लिहिलीत, ती चांगली टिपलीत. काहींच्या कव्हरवर खालच्या कोपऱ्यात बारकोड आहे, काहींवर त्याच चौकटीत स्पायडर-मॅनचं तोंड. नकली नाहीत. बारकोडवाले पेपर स्टॉलवर विकलेले. तिथे न खपलेला माल परत जायचा. अंक पाठवायचा खर्च नको म्हणून स्टॉलवाला कव्हरचा वरचा पट्टा किंवा अख्खं कव्हर फाडून तेवढंच पाठवी आणि पैसे वळते करून घेई. उरलेलं रद्दीत जायला हवं, पण गुपचूप विकलंही जाई. वरून कापलेलं कव्हर दिसलं की ओळखा. स्पायडर-मॅनचं तोंड असलेले अंक खास कॉमिक्सच्या दुकानांतले. फिल स्यूलिंग या न्यूयॉर्कच्या माणसाने १९७३ मध्ये प्रकाशकांना सांगितलं, आम्हाला जास्त सूट द्या, आम्ही माल परत करणार नाही. त्याला डायरेक्ट मार्केट म्हणतात. ही एक साधी अट, पण तुमच्या तीन ‘पहिल्या’ अंकांचा उगम तिथेच आहे.

कसा ते सांगतो. माझ्या दुकानाला मागणी दोन महिने आधी नोंदवावी लागते. अंक यायच्या आधी, न वाचता. उरला तर माझ्या गळ्यात. त्यामुळे चालू मालिकेची मागणी मी दर महिन्याला थोडी थोडी कमी करत जातो, आणि देशभरातले दुकानदार तेच करतात. कारण ३१७ व्या अंकापासून नव्याने वाचायला कुणी येत नाही, जुने मात्र गळतात. पण ‘१’ म्हटलं की नवा वाचक येतो, गुंतवणूक म्हणून साठवणाराही येतो, आणि माझी मागणी दुप्पट. एकेकाळी स्टॉलवाल्याला घाबरवणारा १ नंबर आता दुकानदाराला हवाहवासा झाला. प्रकाशकांनी हे ओळखलं आणि वापरून वापरून गुळगुळीत केलं.

१९६८ पासूनची तुमची मालिका ४५४ नंबरला, ऑगस्ट १९९६ मध्ये थांबली. मार्व्हल तेव्हा आर्थिक गाळात होती, त्याच डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज गेला. चार मालिका बाहेरच्या दोन स्टुडिओंना वर्षभरासाठी चालवायला दिल्या गेल्या. त्यातला ‘कॅप्टन अमेरिका’ रॉब लीफेल्ड यांच्याकडे गेला. तो तुमचा १९९६ चा १ नंबर. तेरा अंक चालला. वाचायला घेऊ नका असं मी सांगणार नाही, पण घाई नाही. १९९८ चा १ नंबर मार्क वेड आणि रॉन गार्नी यांचा, घरी परत आल्यावरचा. पन्नास अंक. त्यानंतर २००२ मध्ये आणखी एक १ नंबर, बत्तीस अंकांचा. तो तुमच्या खोक्यात नाही, म्हणजे मामांनी मध्ये दोन-तीन वर्षं नाद सोडला असावा. आणि २००५ चा, एड ब्रुबेकर यांनी लिहिलेला, स्टीव्ह एप्टिंग यांनी काढलेला. खोक्यातली वाचण्याच्या दृष्टीने खरी चीज ती.

आता ६०० चं गणित मांडा. जुनी मालिका ४५४. त्यात लीफेल्डवाले १३ मिळवले, ४६७. वेडवाल्या मालिकेचे ५०, म्हणजे ५१७. २००२ चे ३२, झाले ५४९. २००५ च्या मालिकेचे ५०, बरोबर ५९९. म्हणून २००९ मध्ये ५० नंतर ५१ न येता ६०० आला. पै पैचा हिशेब जुळतो. फक्त एवढंच की त्या ४५४ मध्ये ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चे कॅप्टनचं सदर नसलेले ५८ अंक धरलेत, आणि १९४१ पासूनचे त्याच्याच नावाचे ७८ अंक धरलेले नाहीत. शेजाऱ्याचं वय मोजलं, स्वतःचं बालपण सोडलं.

पुढचं मी भरभर सांगतो, कारण खोक्यात ते नाही. २०११ ला सिनेमा आला तेव्हा पुन्हा १ नंबर काढला. जुना आकडा ६२० पासून ‘कॅप्टन अमेरिका अँड बकी’ या नावाने चालला (बकी हा कॅप्टनचा युद्धकाळातला जोडीदार), मग बकीच्या जागी हॉकआय, आयर्न मॅन, ब्लॅक विडो असे पाहुणे येत ६४० ला संपला. मध्ये एक ६३५.१ असा दशांशातला अंकही आहे, त्याचं काय करायचं हे खोक्यात लावताना मला आजही सुचत नाही. २०१३ ला परत १, मग सॅम विल्सन, म्हणजे आधीचा फाल्कन, कॅप्टन झाला तेव्हा वेगळ्या नावाने १. २०१७ च्या शेवटी एकदम ६९५. २०१८ ला ता-नेहिसी कोट्स यांचा १, आणि कव्हरवर मोठ्या १ च्या जोडीला बारीक अक्षरात ‘एलजीवाय’ म्हणजे वारशाचा आकडा ७०५. दोन्ही डगरींवर हात. हा रोग मार्व्हलचाच नाही. सुपरमॅनचं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ २०११ मध्ये ९०४ वर थांबवून नव्याने १ केलं, ५२ अंक काढले, आणि २०१६ ला बेरीज करून ९५७ वर परत आणलं. पुढे १००० चा सोहळा करायचा होता ना! तो २०१८ मध्ये झाला.

आता पुस्तकं, तुमचा खरा प्रश्न.

अंक हे मासिक, म्हणून नाशवंत, अशीच प्रकाशकांची समजूत बराच काळ होती. १९७४ मध्ये सायमन अँड शुस्टर या पुस्तकवाल्यांनी मार्व्हलच्या जुन्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक काढलं, ते चाललंही, पण मासिकाचा कारखाना तसाच चालू राहिला. वळण आलं ते १९८६-८७ च्या आसपास. ‘वॉचमेन’ या मालिकेचे बारा अंक संपले आणि १९८७ मध्ये त्यांचं एक पुस्तक झालं. करारात असं होतं की पुस्तक बाजारातून संपलं की काही काळाने हक्क लेखक-चित्रकाराकडे परत जातील. त्या काळी कॉमिकचं पुस्तक वर्षा-दोन वर्षांत संपायचंच, त्यामुळे तिचे लेखक अ‍ॅलन मूर यांना ती अट उदार वाटली असणार. ते पुस्तक आजतागायत संपलेलं नाही. छापतच राहिले. पुस्तकाच्या जन्माने मासिकाच्या काळचा करार कसा उलटा पडला, याचं याहून झणझणीत उदाहरण नाही.

त्याच वर्षी, १९८७ ला, मार्व्हलने जुन्या अंकांची ‘मास्टरवर्क्स’ ही पुस्तकमाला सुरू केली, जाड पुठ्ठ्याची बांधणी, चकचकीत कागद. नव्वदच्या दशकात ‘इसेन्शियल’, पाचशे पानांचे टेलिफोन डिरेक्टरीसारखे खंड, रद्दी कागदावर, काळेपांढरे. मी स्वतः साठचं दशक त्यांतच वाचलं आणि कर्बींची रेघ रंगाशिवाय जितकी कळते तितकी रंगात कळत नाही, हे माझं ठाम मत आहे. २००५ पासून ‘ऑम्निबस’, मांडीवर घेऊन पाय बधिर होईल असे. २०१३ पासून ‘एपिक कलेक्शन’, पातळ पुठ्ठ्याचे, रंगीत, वाजवी.

एपिकमध्ये एक गोम आहे. पाठीवर खंड क्रमांक असतो, पण खंड त्या क्रमाने छापले जात नाहीत. आज सतरावा येतो, पुढच्या वर्षी तिसरा. मधला नंबर मिळत नाही म्हणजे संपलाय असं नाही, कदाचित अजून निघालाच नसेल.

पुस्तक घेताना कव्हरवरचा ‘खंड १’ वाचून पैसे टाकू नका. इंडिशियाचा भाऊ इथेही आहे. हक्कांची माहिती असते त्या पानावर एक वाक्य असतं, मासिकरूपात पूर्वी अमुक मालिकेच्या अमुक अंकांत प्रसिद्ध झालेला मजकूर यात आहे, अशा अर्थाचं. तेवढं एक वाक्य वाचा. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून त्या पानाचा फोटो मागवा.

तुमच्याच मालिकेत याचं उदाहरण आहे. ब्रुबेकर यांची ‘विंटर सोल्जर’ ही कथा आधी दोन पुस्तकांत आली. पहिल्यात १ ते ७. दुसऱ्यात ८, ९ आणि ११ ते १४. दहावा कुठे? तो ‘हाउस ऑफ एम’ या दुसऱ्याच मोठ्या प्रकरणाशी जोडलेला, या कथेशी त्याचा संबंध नाही, म्हणून वगळला. पुढे दोन्ही एकत्र करून जाड पुस्तक निघालं, त्यातही दहावा नाही. २००७ च्या ऑम्निबसमध्ये मात्र तो आहे, १ ते २५ सलग. एक गृहस्थ दुकानात तावातावाने पुस्तक परत करायला आले होते, पानं गळलीत म्हणून. मी त्यांना ते वाक्य दाखवलं, तर म्हणाले, हे एवढ्या बारीक अक्षरात छापतात का! मी काय बोलणार. दहाव्यावाचून तुमचं काही अडणार नाही, हे मात्र खरं.

तेव्हा माझा सल्ला असा. २००५ च्या १ पासून सुरुवात करा, त्या जाड ‘विंटर सोल्जर’ पुस्तकाने. तिथून २५ पर्यंत जा. मामांकडचा २५ वा अंक म्हणजे कॅप्टनच्या मृत्यूचा, मार्च २००७ ला तो आला तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी झाली होती आणि आयुष्यात कॉमिक न पाहिलेली माणसं आमच्या दारात रांगेत उभी होती. तो पुष्कळ छापला गेला, त्यामुळे म्हातारपणाची पुंजी समजू नका. ही गोष्ट आवडली तर मागे जा. ‘कॅप्टन अमेरिका लिव्ह्ज अगेन’ हा पहिला एपिक खंड घ्या, त्यात ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा ४ था अंक आणि ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ ५८ ते ९६ आहेत. तुमचे ‘हरवलेले’ अंक म्हणजे जवळजवळ हेच. १९४१ चं शेवटी, आणि तेही कुतूहल असेल तरच. पहिले चार अंक मास्टरवर्क्सच्या ‘गोल्डन एज’ मालिकेच्या पहिल्या खंडात आहेत. रेषेत जोर आहे, गोष्टी भाबड्या, आणि जपानी-जर्मन माणसं ज्या तऱ्हेने काढलीत ती आज खटकतात.

पुस्तकं आली म्हणून सुटे अंक टाकू नका. पुस्तकात वाचकांची पत्रं बहुधा गाळतात, जाहिराती तर गाळतातच. आणि जुना रंग मऊ, पिवळट कागदावर ठिपक्यांनी उमटलेला असे. तोच रंग चकचकीत कागदावर नव्याने भरला की डोळ्यांवर येतो.

पुण्याचा पावसाळा या कागदाचा वैरी आहे. १९६८ चा न्यूजप्रिंट आम्लयुक्त, आपोआप तपकिरी पडत जातो, दमटपणा मिळाला की लवकर. प्रत्येक अंक आम्लविरहित पुठ्ठ्यासह पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घाला, उभा ठेवा, लोखंडी कपाटात ठेवलात तर कपाट भिंतीला चिकटवू नका, सिलिका जेलच्या पुड्या जूनमध्ये बदला. कसर लागली असेल तर आधी स्टेपलजवळची पानं तपासा, तिला तिथली घडी आवडते. सेलोटेप लावू नका. फाटलंय तर फाटलेलं राहू द्या.

राहिली पेन्सिलीची खूण. एक आकडा, तिरकी रेघ, आणखी एक आकडा, असं तुम्ही लिहिलंय. खोडू नका! ती आगमनाची तारीख आहे, अमेरिकन पद्धतीने आधी महिना, मग दिवस. गठ्ठा आला की स्टॉलवाला वरच्या कोपऱ्यात तारीख टाकायचा, म्हणजे कुठला माल किती दिवस पडून आहे ते कळे. कव्हरवरचा ‘एप्रिल’ हा मुद्दाम दोन-तीन महिने पुढचा असतो, अंक शिळा वाटू नये आणि परत कधी पाठवायचा तेही कळावं म्हणून. त्यामुळे तुमच्या खुणेतला पहिला आकडा ४ पेक्षा लहान असेल. बघा आणि कळवा. मामांनाही विचारा, तो त्यांनी स्वतः स्टॉलवरून बारा सेंटला घेतलेला की नंतर कुणाकडून.